वाळूतली मण्यार

कन्नियप्पनच्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून वाकडी होती. एकविसाव्या वर्षी चेंगलपट्टूजवळच्या भाताच्या बांधावर घोणस चावली होती. बोट वाचलं, पण सरळ झालं नाही. कुणी विचारलं की तो सांगायचा, "चूक घोणशीची नव्हती. माझं लक्ष दुसरीकडं होतं." दुसरीकडं म्हणजे बांधापलीकडं उंदरांची बिळं उकरत बसलेल्या अंजलैकडं. पुढं तिच्याशीच त्याचं लग्न झालं.

इरुळा आदिवासींत साप धरणं हा काही पराक्रम नव्हे. बाप धरतो, आई धरते, पोरं बघून बघून शिकतात. कन्नियप्पनचा बाप कातड्यांसाठी साप धरायचा. त्या धंद्यावर सरकारनं बंदी आणली आणि घरानं पुढचे दोन पावसाळे उंदीर नि रानातले कंद खाऊन काढले. मग साप धरणाऱ्यांची सोसायटी निघाली. साप जिवंत आणायचा, मडक्यात ठेवायचा, महिन्याभरात चारदा त्याचं विष काढायचं आणि पुन्हा रानात सोडून द्यायचा. विषाची पूड कारखान्यात जायची, तिथं ती घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातनं साप चावल्यावरचं औषध तयार व्हायचं. कन्नियप्पन अठराव्या वर्षी सोसायटीत लागला तो केस पिकेपर्यंत तिथंच राहिला.

या कामाचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायचा नाही. आजूबाजूच्या गावांत कुणाला साप चावला की लोक पाला वाटत बसत, कुणी मांत्रिकाकडं धावत. कन्नियप्पन तिथं जाऊन ओरडायचा, "अरे, औषध मी आणतो मडक्यातनं आणि तुम्ही पाला काय चघळता? दवाखान्यात चला!" त्याच्या अशा ओरडण्यानं पाच-सहा माणसं तरी वाचली होती. त्यातला एक रिक्षावाला त्याला बघितलं की अजून रिक्षा थांबवायचा.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी तो पहिल्यांदा तमिळनाडूच्या बाहेर पडला.

बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत सापांच्या विषावर काम करणाऱ्या डॉ. चैत्रा उडुप यांना पश्चिम राजस्थानातले साप हवे होते. परवानगी मिळाली होती, पण धरणारी माणसं नव्हती. म्हणून सोसायटीतनं दोघं निघाले, कन्नियप्पन आणि त्याचा मेहुणा एळुमलै. एळुमलै म्हणजे अंजलैचा धाकटा भाऊ, चाळिशीतला, साप धरण्यात तरबेज आणि कुरकुरण्यात त्याहून तरबेज. तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासात त्याचं एकच पालुपद, भात कुठं मिळेल. जोधपूरला उतरून जीपनं बाडमेरच्या बाजूला लागले तेव्हा तर तो हबकलाच. दाजीला तो मच्चान म्हणायचा.

"मच्चान, इथं पाणी नाही, झाड नाही. साप तरी कशाला राहत असेल?"

"तुझ्यासारखाच. दुसरीकडं कुणी ठेवून घेत नाही म्हणून."

पुढच्या सीटवर चैत्रा मॅडम हसल्या. त्यांचं तमिळ कानडी वळणाचं होतं, पण समजायचं. मागं वळून त्यांनी कन्नियप्पनला सांगितलं, "इथली मण्यार आपल्या मण्यारीपेक्षा वेगळी आहे. देशातलं सगळं औषध आपल्याकडच्या सापांच्या विषापासून बनतं. इथं ते पुरं पडतं का नाही, हे कुणी नीट बघितलेलंच नाही. तेच बघायचंय."

कन्नियप्पनला हे काही पटलं नाही. "मॅडम, मिरची तांबडी खा नाहीतर हिरवी, जीभ भाजली की पाणीच लागतं ना?"

"पाण्यानं मिरची उतरत नाही, अण्णा," त्या म्हणाल्या. तो मनातल्या मनात हसला. शिकलेल्या माणसांना शंका काढायची सवयच असते, असं त्याला वाटलं.

पहिले चार दिवस वाळूनं त्याची फजिती केली. तांबड्या मातीत सापाची वाट तो चालता चालता वाचायचा. इथं वाऱ्यानं दहा मिनिटांत सगळं पुसलं जायचं. पाचव्या दिवसापासून त्याची नजर बसली. फुरशी तर ढिगानं सापडली, दोन नागही मिळाले. पण मॅडमना सगळ्यात जास्त हवी होती ती मण्यार काही हाती लागेना, आणि परवान्याचे चारच दिवस उरले होते.

तगाराम नावाच्या म्हाताऱ्याची ढाणी त्या वाटेवर होती. बाजरीच्या शेतात तीन गोल झोपड्या, काट्यांचं कुंपण, चार शेळ्या आणि एक उंट. जीपचा ड्रायव्हर खंगार त्यांच्या ओळखीतला, म्हणून दुपारचं जेवण तिथं व्हायचं. भाकरी आणि ताक आणून द्यायची म्हाताऱ्याची सून धापू. चार बहिणींच्या पाठीवर झालेली, म्हणून आईबापांनी नाव ठेवलं होतं धापू, म्हणजे पुरे झाल्या. घुंघट हनुवटीपर्यंत ओढलेला, पण जीभ मोकळी होती. कन्नियप्पन तिच्या बापाच्या वयाचा, म्हणून ती त्याला "बासा" म्हणायची.

"बासा, तुमच्या मुलखात बायकापण साप धरतात म्हणे?"

"माझी बायको धरते. माझ्यापेक्षा जास्त धरते." वीटभट्टीवरच्या बिहारी मजुरांकडून शिकलेल्या हिंदीत कन्नियप्पन कसंबसं बोलायचा.

"मग तुम्ही घरात आवाज चढवत नसाल."

सासू तोंडाला पदर लावून हसली. एळुमलैला शब्द कळले नाहीत, पण मच्चानची कुणीतरी चांगली जिरवली एवढं कळलं आणि तो खूश झाला.

त्या दिवशी जेवण झाल्यावर धापूनं हळूच विषय काढला. तिच्या झोपडीमागं सरपणाचा ढीग होता, तिथं तिनं पीवणा बघितला होता. पीवणा म्हणजे झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पिणारा साप, असं तिकडं सगळेच मानतात. सकाळी माणूस मेलेला असतो आणि अंगावर जखम नसते. कन्नियप्पनला खंगारनं हे समजावून सांगितलं तेव्हा तो ताडकन उठला. मण्यारीचे दात इतके बारीक की झोपेत चावली तर कळतही नाही. ही लोकं पीवणा म्हणत होती ती मण्यारच.

ढीग उपसला. खाली कात मिळाली, हातभर लांब, ताजी. कातेवरचे खवले बघून चैत्रा मॅडमचे डोळे चमकले. ढिगाखालनं उंदराचं बीळ निघालं. कन्नियप्पन आणि एळुमलै पहारीनं खणत गेले. बीळ वळत वळत झोपडीच्या भिंतीखाली शिरलं. ऊन कलायला लागलं होतं. कन्नियप्पनची पाठ धरली होती. तगाराम म्हणाला, भिंत बसेल, जपून. खंगार जीपशी उभा राहून, वाळूत रस्ता सापडणार नाही म्हणून घाई करत होता.

"उद्या सकाळी येतो," कन्नियप्पन म्हणाला. "बाहेरनं नको, आतनं खणू. आज खाली झोपू नका. खाटेवर झोपा."

"दोनच खाटा आहेत, बासा. एक सासऱ्यांची, एक माझ्या पोरीच्या बापाची."

"तरी खाली नको."

"मग कुठं, तुमच्या जीपमध्ये?"

हसणं झालं. बिळाच्या तोंडावर कन्नियप्पननं दगड लावला. बिळाला दुसरं तोंड असणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते कुठं आहे ते शोधायला अर्धा तास लागला असता.

सकाळी सातला जीप पोचली तेव्हा झोपडीत कुणी नव्हतं. शेताच्या कडेला खेजडीच्या झाडाखाली गोगाजीचं, म्हणजे सापांच्या देवाचं, ठाणं होतं, सगळे तिथं जमले होते. धापूला दगडी ओट्यावर टेकवून बसवलं होतं. ठाण्यावरचा पुजारी, भोपा, तिच्या मनगटाला दोरा बांधत होता. पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं, मग उलटी झाली, आता घसा धरला होता. आज घुंघट मागं सरकलेला, आणि कन्नियप्पननं तिचा चेहरा पहिल्यांदाच बघितला. पंचविशीच्या आतली असेल. तिच्या पापण्या खाली पडल्या होत्या. वर बघायला तिला मान मागं टाकावी लागत होती.

त्यानं पुढं काही विचारलं नाही. "मंतर नको! दवाखाना!" असं ओरडत त्यानं भोप्याला बाजूला केलं आणि एळुमलैच्या मदतीनं तिला उचललं. सासू मधे आली, तिला त्यानं जवळजवळ ढकललंच. नवरा गोमाराम गोंधळून उभा होता. कन्नियप्पननं त्याचा दंड धरून त्याला जीपमध्ये बसवलं.

तालुक्याचा दवाखाना बेचाळीस किलोमीटर. वाटेत धापूचं बोलणं घोगरं होत होत थांबलं. दवाखान्यात औषध होतं. तरुण डॉक्टरनं लगेच सलाईन लावलं आणि एकेक कुपी फोडून त्यात सोडायला लागला. कुपी बघितल्यावर कन्नियप्पनच्या जिवात जीव आला. असल्या कुप्या सोसायटीच्या कचेरीत काचेच्या कपाटात मांडून ठेवलेल्या असत.

गोमाराम भिंतीला टेकून उभा होता. "वाचेल ना?"

"वाचेल," कन्नियप्पन म्हणाला. "हे औषध माझ्या सापांचं आहे. मी धरलेल्या." आणि छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाला, "घाबरू नको. माझ्या सापांचं आहे."

दहा कुप्या गेल्या. तास झाला. कन्नियप्पन खाटेच्या पायथ्याशी उभा राहून तिच्या पापण्यांकडं बघत होता. आता उचलतील, आता उचलतील. चेंगलपट्टूला त्यानं हे डोळ्यांनी बघितलेलं होतं, औषध लागू पडलं की माणूस कसा हळूहळू माणसात येतो ते. धापूच्या पापण्या हलल्या नाहीत. डॉक्टरनं आणखी दहा सोडल्या. तिची मान एका बाजूला पडली. छाती वर-खाली होत होती ती होईनाशी झाली, आणि डॉक्टरनं तिच्या तोंडावर मास्क दाबून रबरी फुगा हातानं दाबायला सुरुवात केली.

"आणखी औषध?" चैत्रा मॅडमनी विचारलं.

"संपलं. सगळं तेवढंच होतं." डॉक्टरचा घाम त्याच्या हनुवटीवरनं टपकत होता. "श्वासाचं मशीन पाहिजे. ते जोधपूरला. दोन-तीन दिवस मशीनवर राहिली तर वाचू शकते. लगेच निघा."

अँब्युलन्समध्ये एकच कंपाउंडर होता. फुगा दाबून त्याचे हात भरून आले की कन्नियप्पन घ्यायचा. एक, दोन, तीन, दाब. एक, दोन, तीन, दाब. एळुमलैनं हात पुढं केला तरी तो सोडेना. मॅडम तिची नाडी धरून बसल्या होत्या. एकदा धापूच्या बोटांची हालचाल झाल्यासारखी वाटली. मॅडम तमिळमध्ये हलकेच म्हणाल्या, "अण्णा, तिला सगळं ऐकू येत असेल. मण्यारीत शुद्ध जात नाही. फक्त हलता येत नाही."

हे ऐकल्यावर कन्नियप्पन तिच्याशी बोलायला लागला. हिंदी आठवेना, तमिळमध्येच बोलत राहिला. थोडं राहिलंय, पोरी. आलंच. थोडंच राहिलंय.

जोधपूर ऐंशी किलोमीटरवर असताना नाडी थांबली. कंपाउंडरनं छाती दाबून बघितली, मग घड्याळ बघितलं. दुपारचे एक वाजून दहा मिनिटं झाली होती. कन्नियप्पन त्यानंतरही फुगा दाबत होता. शेवटी समोर बसलेल्या गोमारामनंच त्याच्या हातातनं तो काढून घेतला.

दहन त्याच संध्याकाळी झालं. म्हातारी सासू रडून रडून बसलेल्या आवाजात एकच बोलत होती, "ठाण्यावरनं उचलायला नको होती. गोगाजीच्या पायाशी होती माझी सून, तिथनं उचलली." मॅडम तिला काही समजावायला निघाल्या तेव्हा कन्नियप्पननं त्यांना अडवलं.

"काय सांगणार, मॅडम? औषध दिलं, पण लागलं नाही. हे सांगणार?"

"मशीन असतं तर..."

"मशीन नव्हतं."

रात्र त्यांनी ढाणीबाहेर जीपमध्येच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्नियप्पन कुणालाही न सांगता पहार घेऊन धापूच्या झोपडीत शिरला. झोपडी रिकामी होती. ज्या कोपऱ्यात धापूची गोधडी असायची तिथली जमीन त्यानं खणायला घेतली. भिंतीच्या मुळाशी बिळाचं दुसरं तोंड सापडलं, गोधडीपासून वीतभर अंतरावर. तासाभरात मण्यार हातात आली. काळीभोर, अंगावर पांढरे पट्टे. शेपटीकडनं धरून तो बाहेर आला तेव्हा अंगणात सुतकाला आलेली माणसं बसली होती. सगळे उठले. कुणी काठी घेतली, कुणी कुऱ्हाड. गोमाराम सगळ्यांत पुढं होता.

"खाली टाक तिला," तो म्हणाला.

एळुमलै धावत येऊन मच्चानच्या बाजूला उभा राहिला. मॅडम आणि खंगारही आले. कन्नियप्पननं साप खाली टाकला नाही. त्याची हिंदी तुटकी होती, पण त्या दिवशी प्रत्येक शब्द सगळ्यांना कळला.

"परवा हिला मी काढायला हवी होती. दुसरं तोंड असणार, मला माहीत होतं. पाठ दुखत होती. उद्या म्हटलं. चूक माझी."

तोवर बिळावरून कुणीच त्याला दोष दिला नव्हता. परवा बीळ अर्धवट राहिलं हे त्या गर्दीत दोघा-तिघांनाच ठाऊक होतं. एळुमलै तमिळमध्ये फुसफुसला, "वेडा झालास काय? कशाला सांगतोस?"

गोमारामनं काठी उगारली आणि ती सापावर न मारता कन्नियप्पनच्या खांद्यावर मारली. एकदाच, पण पूर्ण जोरानं. कन्नियप्पन गुडघ्यावर आला. सापाची पकड मात्र सुटली नाही. दुसरा घाव पडायच्या आत तगारामनं मुलाची काठी धरली.

"मारायची तर मारा हिला," कन्नियप्पन खालनंच म्हणाला. "हक्क तुमचा. आधी विष काढू द्या. या विषाचं औषध नाही, म्हणून ती गेली. औषध करायला हे विष लागतं."

खंगारनं ते मारवाडीत पुन्हा सांगितलं. मग तगारामनं मान डोलावली.

अंगणातच काचेचं भांडं मांडलं. ते एळुमलैनं धरलं. कन्नियप्पननं एका हातानं मण्यारीची मान धरून तिचे दात भांड्यावर ताणलेल्या पडद्यावर टेकवले. दुखऱ्या खांद्यामुळं त्याला दोनदा थांबावं लागलं. विष काचेच्या तळाशी उतरलं. गोमाराम वाकून बघायला लागला. त्यानं भांडं उन्हाकडं धरायला लावलं, तरी नीट दिसेना. डोळ्यातल्या पाण्याएवढा एक थेंब होता.

"एवढंसंच?" तो म्हणाला.

"एवढंच," मॅडम म्हणाल्या.

त्याच्या हातातली काठी खाली पडली. तो तिथंच वाळूत बसला आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा रडला. सासू झोपडीच्या दारातनं ओरडली, "न्या ती! माझ्या डोळ्यांपुढनं न्या!" साप पिशवीत गेला. परवान्याप्रमाणं तो पुन्हा सोडायचाच होता. दहा-बारा किलोमीटरवर घर नाही, शेत नाही अशा टेकाडावर एळुमलैनं त्याला सोडलं. कन्नियप्पन जीपमधनं उतरला नाही.

घरी आल्यावर त्यानं अंजलैला पंधरा दिवस काही सांगितलं नाही. खांद्यावरचा वळ कशाचा, तर म्हणे जीपचा दरवाजा लागला. एळुमलैनं मात्र पहिल्याच दिवशी बहिणीला सगळं सांगून टाकलं होतं. तिनं तसं दाखवलं नाही. रोज तेल गरम करून खांदा चोळून द्यायची. सोळाव्या दिवशी तो आपणहून बोलला. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "तिची पोर केवढी?"

"चार वर्षांची."

त्यानंतर तो सोसायटीत पूर्वीसारखाच जात राहिला. दुसरं काम त्याला येत नव्हतं. थंडीत, मार्गळीच्या महिन्यात, शेजारच्या गावात एका कुंभाराच्या बायकोला घोणस चावली. नेहमीसारखं त्याला बोलावणं आलं, नेहमीसारखा त्यानं पाला फेकून दिला आणि तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात कुंभारानं त्याचा हात धरला, "कन्नियप्पा, वाचेल ना?" इथल्या घोणशीवर इथलं औषध चालतं, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं हात सोडवून घेतला. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. बाई तिसऱ्या दिवशी घरी गेली. कुंभारानं कन्नियप्पनला नवं मडकं आणून दिलं, पण दवाखान्यात हा आपल्याला सोडून बाहेर जाऊन बसला, हे गावात सांगायला तो विसरला नाही.

पुढल्या उन्हाळ्यात चैत्रा मॅडमचा फोन आला. चाचण्या झाल्या होत्या. तिकडच्या मण्यारीवर आपलं औषध जवळजवळ काहीच करत नाही, हे कागदावर आलं होतं.

"मग नवीन औषध कधी?"

"आणखी विष लागेल. बऱ्याच ठिकाणांहून. मग घोडे, मग चाचण्या, मग सरकारची मंजुरी. सात-आठ वर्षं, अण्णा. जास्तच."

मॅडमनी पुढचं भीत भीत विचारलं. ऑगस्टमध्ये दुसरा दौरा होता, त्याच भागात, जरा उत्तरेला. येणार का?

"येतो. पण माझी एक अट आहे. ज्या घरात साप दिसला म्हणतील ते घर पहिलं. तुमचे साप नंतर. आणि बीळ अर्धं सोडून जीप निघणार नाही."

एळुमलैनं स्पष्ट नकार दिला. त्या मुलखाचं नावही काढू नको म्हणाला. कन्नियप्पन एकटाच पिशव्या धुऊन वाळत घालत होता, तेव्हा अंजलै शेजारी येऊन बसली आणि तिनं स्वतःची पहार दगडावर घासायला घेतली.

"तू कुठं?" त्यानं विचारलं.

"कुठं म्हणजे? भिंतीखालचं बीळ एकट्यानं होतं का कधी? एकानं बाहेरनं, एकानं आतनं."

"तिकडं भात मिळत नाही."

"मग भाकरी खाऊ," ती म्हणाली आणि पहारीची धार अंगठ्यानं तपासायला लागली.

त्या पावसाळ्यात दोघांनी मिळून एकोणीस घरं खणली आणि अकरा मण्यारी काढल्या. खंगारकडून कळलं, की गोमारामनं दुसरं लग्न केलं आणि पोर आजोळी आहे. तिकडं जायचं का, असं त्यानं विचारलं, तेव्हा कन्नियप्पननं मान हलवून नाही म्हटलं. औषध अजून आलेलं नाही. दौरा दरवर्षी निघतो.